सायकलवरच्या मित्रांसाठी कॉफी: दळणापासून थर्मासपर्यंत

सायकल चालवणाऱ्यांचा कोणताही गट पाहिला, तर टायरमधली हवा आणि कॉफीचे दळण या दोन विषयांवर सारख्याच तन्मयतेने बोलणारी दोन-तीन माणसे त्यात हमखास सापडतात. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. सीट चार मिलिमीटर वर घेतल्याने गुडघ्याला काय वाटते हे ज्याने एकदा मन लावून तपासले आहे, त्याला दळण किंचित बारीक केल्याने चवीत काय बदलते हे तपासण्याची गोडी आपोआप लागते. या नात्याला जुना इतिहासही आहे. एस्प्रेसो यंत्रे बनवणाऱ्या फाएमा या इटालियन कंपनीने शर्यतींसाठी सायकलपटूंचा संघ चालवला होता, आणि बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी १९६८ मधील जिरो दी इटालिया व १९६९ मधील टूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती त्याच कंपनीचे नाव छातीवर वागवत जिंकल्या.

मी आणि माझे सायकलवरचे मित्र गेली अनेक वर्षे राइडच्या आधी एकाच्या स्वयंपाकघरात जमतो, कॉफी करतो, थोडी थर्मासमध्ये भरतो आणि मग निघतो. या लेखात मी तीच पद्धत सविस्तर लिहीत आहे. सगळ्या प्रयोगांतून माझे एक मत पक्के झाले आहे: कॉफीची चव महागड्या यंत्रावर फारशी अवलंबून नसते, ती दळण, वजन आणि पाणी या तीन गोष्टींवर ठरते, आणि या तिन्ही गोष्टी हाताशी आणायच्या असतील तर एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त लागते.

साधने: आधी वजनकाटा, मग ग्राइंडर

नवे काही विकत घेण्याआधी घरात एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा असला पाहिजे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तर उत्तम. चमच्याने कॉफी मोजणे फसवे ठरते, कारण हलक्या भाजलेल्या दाण्यांची घनता गडद भाजलेल्या दाण्यांपेक्षा जास्त असते आणि एकाच चमच्यात दोघांचे वजन वेगळे भरते. पाणीही काट्यावरच मोजावे. १ मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम, त्यामुळे निराळ्या मापपात्राची गरज उरत नाही.

त्यानंतरचा खर्च ग्राइंडरवर करावा. किटली, फिल्टरचा शंकू, कप या गोष्टी साध्या चालतात. ग्राइंडर साधा चालत नाही. त्याचे कारण दळणाच्या भागात सविस्तर येईलच. किटली लांब आणि बारीक तोटीची असेल तर धार ताब्यात राहते, पण ती नसेल तर छोट्या चोचीच्या भांड्यानेही सावकाश ओतता येते.

दाणे

पिशवीवर दाणे भाजल्याची तारीख छापलेली नसेल, तर ती पिशवी घेऊ नये. ‘अमुक महिन्यांपर्यंत वापरावे’ एवढ्या सूचनेवरून दाण्यांचे वय कळत नाही. भाजल्यानंतर दाण्यांत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि तो पुढचे काही दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. अगदी ताज्या दाण्यांतला हा वायू पाण्याला कॉफीत नीट शिरू देत नाही, म्हणून भाजल्यापासून साधारण एक आठवड्याने सुरुवात करून पुढच्या तीन-चार आठवड्यांत दाणे संपवणे मला योग्य वाटते. हवा, उजेड, ओल आणि उष्णता यांपासून ते दूर ठेवावेत. जास्त दाणे आणले असतील तर एका राइडला पुरतील एवढे लहान वाटे करून, हवाबंद डब्यांत भरून ते फ्रीझरमध्ये ठेवता येतात. मात्र डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाही तर थंड दाण्यांवर बाष्प जमून ते ओले होतात.

दळण

कॉफीच्या पुडीत पाणी शिरते तेव्हा तिच्यातले सगळे घटक एकदम उतरत नाहीत. आधी आंबटपणा देणारी आम्ले आणि क्षार उतरतात, मग गोडवा आणि सुगंध यांचा तोल साधला जातो, आणि शेवटी कडू व तुरट द्रव्यांचे प्रमाण वाढत जाते. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्केच भाग पाण्यात विरघळू शकतो. त्यातला सगळा उतरवला तर पेय कडवट होते. संशोधक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत जो अभ्यास केला, त्यातून कॉफीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अर्क उतरावा ही मर्यादा रूढ झाली आणि आजही बहुतेक जण तिचाच आधार घेतात.

दळण महत्त्वाचे का, हे इथे स्पष्ट होते. कण बारीक असेल तर पाण्याला त्याच्या गाभ्यापर्यंत लवकर पोहोचता येते आणि अर्क झपाट्याने उतरतो. कण जाड असेल तर त्याला वेळ लागतो. फिरत्या पात्याचा ग्राइंडर दाणे तोडतो, पण किती तोडायचे हे त्याला कळत नाही, म्हणून एकाच वेळी धुळीसारखी पूड आणि अर्धवट फुटलेले तुकडे तयार होतात. धुळीतून कडूपणा उतरतो, तुकड्यांतून आंबटपणा, आणि एकाच कपात दोन्ही दोष एकत्र येतात. वेळ, पाणी किंवा प्रमाण कसेही बदलले तरी हा दोष दुरुस्त होत नाही. दोन दातेरी कड्यांमधल्या ठरावीक फटीतून दाणे चिरडत नेणारा बर ग्राइंडर कणांचा आकार बराचसा सारखा ठेवतो. हाताने फिरवायचा चांगला बर ग्राइंडर त्याच किमतीच्या विजेवरच्या ग्राइंडरपेक्षा सहसा सरस दळतो, कारण त्यात मोटरवर खर्च झालेला नसतो.

जाडीचा अंदाज बोटांनी घ्यावा. कागदाच्या फिल्टरसाठी नेहमीच्या दाणेदार साखरेपेक्षा किंचित बारीक, फ्रेंच प्रेससाठी (पूड पाण्यात मुरवून धातूच्या जाळीने कॉफी वेगळी करण्याचे भांडे) जाड्या मिठासारखे आणि मोका पॉटसाठी (आचेवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारे भांडे) बारीक मिठासारखे दळण असावे. ग्राइंडरवरचे आकडे फक्त त्या ग्राइंडरपुरते खरे असतात. मित्राने सांगितलेला ‘बावीस नंबर’ आपल्या यंत्रावर लावून उपयोग नाही, त्याच्याकडची चिमूटभर पूड पाहून यावी. दळताना पूड स्थिर विजेमुळे भांड्याला चिकटत असेल तर दाण्यांत पाण्याचे एक-दोन थेंब टाकून, चमच्याच्या दांड्याने हलवून मग दळावे. हा उपाय खात्रीने चालतो. दळण अगदी ओतण्याच्या आधी करावे, कारण दळल्याबरोबर सुगंध उडू लागतो.

आमच्यात शेवटी येणारा दळतो असा नियम आहे. १५ ग्रॅम हाताने दळायला एक मिनिट पुरते, पण पाच जणांची ६० ग्रॅम कॉफी एकट्याने दळायची म्हटले की दंड भरून येतात, म्हणून ग्राइंडर हातोहात फिरतो आणि मोकळे असलेले दोघे तेवढ्या वेळात सगळ्यांच्या टायरमध्ये हवा भरून घेतात. पहाटेच्या शांततेत पंपाचा फुसफुसाट आणि दाण्यांचा कुरकुर आवाज एकाच वेळी ऐकू येतो, तेव्हा राइड सुरू झाली असे मला वाटते.

पाणी

तयार कपातला ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो, तरी सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडेच जाते. फार जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांना निष्प्रभ करते आणि चव मातकट, सपाट होते. याच्या उलट, सगळे क्षार काढून टाकलेल्या पाण्यातही कॉफी निर्जीव लागते, कारण थोडे कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात असावे लागते. शुद्धीकरण यंत्राचे पाणी फारच हलके असेल तर त्यात नळाचे पिण्यायोग्य पाणी थोडे मिसळून पाहावे आणि दोन कप शेजारी ठेवून चव घ्यावी. फरक ओळखायला तज्ज्ञ जीभ लागत नाही.

तापमान ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसेल तर पाण्याला पूर्ण उकळी आणून आच बंद करावी आणि अर्धा मिनिट थांबावे. हलक्या भाजलेल्या दाण्यांसाठी तेवढेही थांबण्याची गरज नाही. गडद दाण्यांसाठी मात्र ८८ ते ९० अंशांपर्यंत खाली यावे, म्हणजे कडूपणा आवरतो.

एका कपाची कृती

पहिल्यांदा एकाच कपावर हात बसवावा. प्रमाण १ लिटर पाण्याला ६० ग्रॅम कॉफी, म्हणजे एका कपाला १५ ग्रॅम कॉफी आणि २५० ग्रॅम पाणी. शंकूत कागद नीट दुमडून बसवावा आणि त्यावर गरम पाणी ओतून तो पूर्ण भिजवावा. कागदाचा वास निघून जातो आणि शंकू व कप दोन्ही तापतात. हे पाणी आठवणीने फेकावे. (कागदाच्या फिल्टरची कल्पना मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीची. त्यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून कॉफी गाळून पाहिली आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवले.)

पूड कागदात घालून शंकू हलकेच हलवावा, म्हणजे थर सपाट होतो. काटा शून्यावर आणून घड्याळ सुरू करावे आणि ४० ते ४५ ग्रॅम पाणी सगळी पूड भिजेल असे ओतावे. पूड फुगून वर येईल, बुडबुडे फुटतील. आत साठलेला वायू बाहेर पडत आहे असा त्याचा अर्थ. ती अजिबात फुगली नाही तर दाणे जुने आहेत असे समजावे. ४० सेकंदांनंतर मध्यापासून बाहेर आणि बाहेरून मध्याकडे अशी सावकाश गोल धार धरून १५० ग्रॅमपर्यंत यावे, पाणी थोडे खाली गेले की उरलेले ओतून २५० पूर्ण करावे. धार कागदाच्या भिंतीवर पडू देऊ नये, कारण ते पाणी पुडीला बगल देऊन थेट खाली उतरते. शेवटी शंकू उचलून एकदा अलगद गोल फिरवावा. सगळे पाणी अडीच ते सव्वातीन मिनिटांत उतरले पाहिजे. पुडीत तिच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी अडकून राहते, म्हणून कपात सुमारे २२० ग्रॅम कॉफी येते. ती कमी भरली म्हणून वरून पाणी घालू नये.

आता चव. कॉफी थोडी निवल्यावर घोट घ्यावा, फार गरम असताना जीभ फक्त उष्णता ओळखते. चव टोचरी आंबट, पातळ आणि चटकन विरणारी असेल तर अर्क कमी उतरला आहे. पुढच्या वेळी दळण एक पायरी बारीक करावे. कडू आणि तुरट असेल, तोंड कोरडे पडत असेल तर अर्क जास्त उतरला आहे. दळण एक पायरी जाड करावे. चव तोलाची आहे पण एकूणच फिकी किंवा फार तीव्र वाटते, अशा वेळी दळणाला हात लावू नये, कॉफीचे वजन एक ग्रॅमने वाढवावे किंवा घटवावे. अर्क किती उतरला आणि कॉफी किती तीव्र झाली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक घोळ हे दोन्ही एक समजल्यामुळे झालेले आहेत. एकाच दिवशी दळण, तापमान आणि प्रमाण अशा तिन्ही गोष्टी बदलल्या, तर कॉफी सुधारली तरी ती कशामुळे सुधारली हे कळत नाही. सीट आणि हँडल दोन्हींची उंची एकदम बदलून मग पाठ दुखण्याचे कारण शोधण्यासारखेच ते आहे.

पाच जणांसाठी

पाच जणांची कॉफी शंकूतून गाळायला घेतली की पुडीचा थर जाड होतो, पाणी तुंबते आणि कॉफी कडवट होते. गटासाठी म्हणून मी फ्रेंच प्रेस वापरतो. प्रेस आधी गरम पाण्याने तापवून घ्यावा. ६० ते ६५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घालावी, १ लिटर गरम पाणी एकाच वेळी ओतावे आणि झाकण न लावता चार मिनिटे स्वस्थ बसावे. मग वर आलेला जाड थर चमच्याने दोन-तीनदा ढवळून मोडावा. बहुतेक पूड खाली बसते आणि वर राहिलेला फेस दोन चमच्यांनी काढून टाकता येतो. यानंतर अजून चार-पाच मिनिटे थांबावे. अनेकांना हा वेळ फुकट वाटतो, परंतु याच वेळात बारीक गाळ तळाशी बसतो आणि घशाला लागणारी भुकटी टळते. जाळी फक्त पृष्ठभागापर्यंत आणावी, तळापर्यंत दाबू नये, दाबल्यास बसलेला गाळ पुन्हा उठतो. सगळी कॉफी लगेच कपांत आणि थर्मासमध्ये ओतून प्रेस रिकामा करावा, कारण चोथ्यावर राहिलेली कॉफी कडू होत जाते.

एक गोष्ट रोज तीन-चार कप पिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कॉफीच्या तेलात असलेले कॅफेस्टॉल रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते आणि धातूच्या जाळीतून ते कपात येते, कागदात मात्र ते बहुतांशी अडकते. रविवारच्या प्रेसने काही बिघडत नाही. रोजची कॉफी कागदातून गाळलेली असावी.

ज्यांना दाट आणि तीव्र कॉफी आवडते त्यांच्यासाठी मोका पॉट आहे. इटलीतील बियालेट्टी यांच्या कारखान्यातून ते १९३३ मध्ये बाहेर पडले आणि त्याची रचना फारशी बदललेली नाही. खालच्या भांड्यात सुरक्षा झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी भरावे, जाळीत पूड सपाट भरावी पण दाबू नये, फडक्याने धरून भांडे घट्ट आवळावे आणि मंद आचेवर झाकण उघडे ठेवून बसावे. कॉफी मधाच्या रंगाची होऊन गुरगुर सुरू झाली की तत्काळ उतरवून खालचा भाग गार पाण्याखाली धरावा. झडप तुंबलेली नाही हे दर वेळी पाहावे.

रस्त्यावर

थर्मास भरण्यापूर्वी त्यात उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवावे, मग ते फेकून कॉफी काठोकाठ भरावी. रिकामी जागा जितकी कमी, तितकी ती अधिक वेळ गरम राहते. तरीही तीन-चार तासांनी चव मंदावतेच. दूध वेगळ्या छोट्या बाटलीत, गार करून न्यावे, कारण कोमट दूध लवकर नासते. थर्मास सायकलच्या बाटलीच्या पिंजऱ्यात घट्ट बसतो की नाही, हे घराच्या दारातच खडबडीत जागेवरून एक फेरी मारून तपासावे. उतारावर उसळून पडलेला थर्मास मागच्या सायकलस्वाराला पाडू शकतो.

वाटेत ताजी कॉफी करायची असेल तर एरोप्रेससारखे, म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी गाळणाऱ्या नळीसारखे, सोयीचे साधन मी पाहिलेले नाही. हाताने फेकायच्या उडत्या चकतीचे खेळणे तयार करणारे अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी ते २००५ मध्ये बाजारात आणले. ते हलके आहे, फुटत नाही आणि चोथा एका दाबात बाहेर पडतो. १५ ग्रॅम कॉफी, २०० ग्रॅम पाणी, दोन मिनिटे मुरवणे आणि अर्ध्या मिनिटात सावकाश दाबणे एवढीच कृती पुरते. चढ चढून उंचावर पोहोचला असाल तर साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू १ अंशाने उतरतो हे लक्षात घ्यावे. १,८०० मीटरवर पाणी सुमारे ९४ अंशांनाच उकळते, तेव्हा तिथे निववत बसू नये, उकळतेच ओतावे. चोथा आणि कागद पिशवीत भरून परत आणावेत.

किती आणि केव्हा

कॅफीन दीर्घ श्रमांत उपयोगी पडते हे चांगले सिद्ध झालेले आहे. अभ्यासांत वापरली जाणारी मात्रा शरीराच्या दर किलो वजनाला ३ ते ६ मिलिग्रॅम, श्रमाच्या साधारण एक तास आधी, अशी असते. अरेबिका दाण्यांत सुमारे १.२ टक्के कॅफीन असते, म्हणजे १५ ग्रॅममध्ये १८० मिलिग्रॅम, आणि त्यातले बहुतेक कपात उतरते. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीत ते जवळजवळ दुप्पट असते. ६५ किलोच्या माणसाला खालची मर्यादा १९५ मिलिग्रॅम, म्हणून एक भरलेला कप जवळपास पुरेसा होतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. हृदयाचे ठोके अनियमित होत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रा वाढवू नये. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ पासून कॅफीन निषिद्ध यादीतून काढले, त्यामुळे स्पर्धेत भाग घेणाऱ्यांनाही त्याची धास्ती नाही.

कॉफी पोटाची हालचाल वाढवते, म्हणून निघण्याच्या किमान ४० मिनिटे आधी ती प्यावी. रक्तात लोह कमी असलेल्यांनी, आणि लांब पल्ला चालवणाऱ्यांत असे बरेच जण असतात, ती जेवणासोबत न घेता एक-दोन तासांचे अंतर ठेवून घ्यावी, कारण तिच्यामुळे वनस्पतिजन्य लोह कमी शोषले जाते. संध्याकाळच्या राइडनंतरचा कप मी घेत नाही. कॅफीनचे अर्धे प्रमाण उतरायला सुमारे पाच तास लागतात आणि थकलेल्या पायांना झोप अधिक हवी असते.

धुणे आणि वही

परतल्यावर साधने लगेच धुवावीत. कॉफीचे तेल वाळले की खवट होते आणि पुढच्या कपात उतरते. प्रेसची जाळी सुटी करून घासावी, मोका पॉटचा अ‍ॅल्युमिनियम मात्र तीव्र साबणाने घासू नये, ग्राइंडरला पाणी न लावता कोरड्या ब्रशने झटकावे. आमच्याकडे ओट्याजवळ एक वही टांगलेली आहे, तिच्यात तारीख, दाणे, दळणाचा आकडा, वजन, वेळ आणि चवीबद्दल एक ओळ एवढेच लिहिले जाते. परवाच्या नोंदीत एका मित्राने लिहिले आहे: ‘१९ नंबर, तीन मिनिटे वीस सेकंद, शेवटी किंचित तुरट.’ येत्या रविवारी २० नंबरवर दळायचे आणि बाकी काही बदलायचे नाही, असे ठरले आहे.